पावसाळ्यात दाराला लावलेला ऑइल पेंट लवकर वाळवायचा कसा

गणपती पंधरा दिवसांवर आले की कोकणात काय आणि मुंबई-ठाण्यात काय, घरोघरी एकच काम निघतं, दारं-खिडक्या-ग्रील रंगवायचं. आणि नेमकं तेव्हाच हवेत इतका ओलावा असतो की लावलेला ऑइल पेंट तीन-तीन दिवस हाताला चिकटत राहतो. डब्यावर मात्र लिहिलेलं असतं की चार-सहा तासात वरून सुकेल आणि दुसरा हात दुसऱ्या दिवशी मारा. कंपनी खोटं बोलत नाहीये, फक्त तो आकडा पंचवीस-तीस डिग्रीच्या, बऱ्यापैकी कोरड्या, खेळत्या हवेतला असतो, श्रावणातल्या रत्नागिरीतला नसतो.

मग लोक दुकानात जाऊन विचारतात, "लवकर सुकायला काय टाकू यात?" आणि दुकानदार एक छोटी बाटली हातात देतो. ती बाटली काय करते ते पुढे सांगतोच, पण माझं मत आधीच सांगून टाकतो, पेंट किती वेळात वाळणार हे बरंचसं रंग लावायच्या आधीच ठरलेलं असतं: खालचा पृष्ठभाग कसा आहे, थर किती जाड दिलाय आणि खोलीतली हवा हलतेय का, यावर. बाटलीचा नंबर त्यानंतर.

आधी वाळतं म्हणजे नक्की काय होतं

ऑइल पेंट, म्हणजे आपण ज्याला इनॅमल म्हणतो तो, कपडे वाळतात तसा वाळत नाही. त्याचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात त्यातलं टर्पेंटाईन, म्हणजे पेंट पातळ ठेवणारं द्रव, उडून जातं, हे काही तासात होतं आणि तेव्हाच तो डोकं उठवणारा वास येतो. दुसऱ्यात उरलेलं तेल-रेझिन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि आतल्या आत एकमेकांना जोडलं जाऊन कडक होतं. हा दुसरा टप्पा हळू असतो, वरून कोरडा वाटलेला पेंट आतून पूर्ण कडक व्हायला आठवडा सहज जातो, पावसाळ्यात त्याहून जास्त. जवसाचं तेल उघड्यावर पातळ पसरून ठेवलं की काही दिवसांनी त्याचा चिवट पापुद्रा होतो, तीच ही प्रक्रिया, आणि जुन्या काळी रंग त्या तेलातच कालवायचे.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, पेंटला नुसती उष्णता नको, हवा हवी, बंद खोलीत हीटर लावून बसलात तर अर्धंच काम होतं. दुसरी, जाड थर दिला की वरचा भाग ऑक्सिजन घेऊन आधी कडक होतो, दुधावर साय धरावी तसा, आणि खालचं टर्पेंटाईन त्याखाली अडकतं. मग वरून चकचकीत आणि आत मऊ. बोट दाबलं की ठसा उमटतो तो याच कारणाने.

ऑइल पेंटच हवाय का, हे एकदा ठरवा

गणपती चार दिवसांवर असतील आणि बाहेर संततधार असेल तर खरं सांगतो, ऑइल पेंटच्या नादाला लागू नका. आता वॉटर बेस्ड इनॅमल मिळतात, वास कमी, तासा-दोन तासात हाताला सुकतात आणि चार-सहा तासात दुसरा हात मारता येतो. जुन्या ऑइल पेंटवरही बसतात, फक्त जुनी चकाकी पॉलिश पेपरने नीट मारावी लागते आणि मध्ये प्रायमर, म्हणजे पेंटच्या आधी द्यायचा पकडीचा थर, लागतो. चकाकी ऑइल पेंटइतकी येत नाही असं जुने पेंटर म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरंय, पण सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांच्या साड्यांना रंग लागण्यापेक्षा ते बरं. बाहेरचं गेट, गंज धरणारं ग्रील, जिन्याचा कठडा यांना मात्र मी अजूनही ऑइल पेंटच म्हणेन.

वेळ हातात असेल तर नवरात्र ते दिवाळी हा महाराष्ट्रात रंगाचा सोन्यासारखा काळ, पाऊस गेलेला, थंडी अजून पडलेली नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाड-नाशिककडे रात्री पारा दहाच्या खाली जातो तेव्हा पेंट जवळपास थांबूनच जातो. आणि विदर्भात मे महिन्यात उलटंच संकट, ४५ डिग्रीत उन्हात तापलेल्या लोखंडी दारावर ब्रश फिरवायच्या आत रंग ओढायला लागतो, ब्रशच्या रेघा तशाच राहतात आणि वरची कातडी लवकर धरून सुरकुत्या पडतात. तिकडे सावली फिरेल तसं काम फिरवायचं.

पायरी पहिली: खालचा पृष्ठभाग

न वाळणाऱ्या पेंटच्या तक्रारी ऐकल्या तर त्यातल्या बऱ्याच इथेच येऊन थांबतात. स्वयंपाकघराचं दार, फोडणीच्या वर असलेली खिडकी, देवघराची चौकट, या सगळ्यांवर तेलाचा आणि धुराचा एक पातळ थर बसलेला असतो जो डोळ्यांना दिसत नाही. त्यावर पेंट मारला की तो ते तेल खालून ओढून घेतो आणि महिनाभर चिकचिकत राहतो. तर कोमट पाण्यात धुण्याचा सोडा टाकून, हातमोजे घालून, सगळं घासून धुवा, मग दोनदा साध्या पाण्याने पुसा, कारण सोडाही मागे राहायला नको. दाराचं हँडल आणि कडीच्या आजूबाजूची जागा जास्त घासा, तिथे वर्षानुवर्षं हातांचं तेल बसलेलं असतं.

मग वाळू द्या. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, चौकटीत अडकायला लागतं, म्हणजेच त्याने पाणी प्यायलंय. असं फुगलेलं दार त्याच आठवड्यात रंगवायचं नाही, वरून पेंट सुकला तरी आतलं पाणी बाहेर यायला बघतं आणि ऊन पडलं की फोड येतात. शक्य असेल तर दार बिजागरीतून काढून घरात पंख्याखाली आडवं ठेवा, दोन-चार दिवस. आडव्या दारावर रंगाचे ओघळही येत नाहीत, हा वरचा फायदा.

सागवान आणि शिसवी लाकूड असेल तर एक वेगळीच भानगड असते. या लाकडांत नैसर्गिक तेलं आणि अशी द्रव्यं असतात जी पेंटला ऑक्सिजन घेऊ देत नाहीत, त्यामुळे शेजारचं प्लायवूडचं दार सुकतं आणि सागाचं नाही, पेंट एकाच डब्यातला असूनही. उपाय असा की टर्पेंटाईनमध्ये किंवा थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने लाकूड पुसायचं, ते उडून गेलं की वेळ न घालवता त्यावर चपडीचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा, एक पातळ हात द्यायचा. तो अर्ध्या-पाऊण तासात सुकतो आणि लाकडातलं तेल आत कोंडतो. मग प्रायमर. पॉलिशवाल्या मिस्त्रींना हे पाठ असतं, पेंटवाल्यांना कधी कधी नसतं.

भिंतीला खाली ऑइल पेंटचा पट्टा मारणार असाल, जिन्यात किंवा स्वयंपाकघरात मारतात तसा, तर प्लास्टर नवीन आहे का ते बघा. नव्या सिमेंटमध्ये क्षार असतात, ओलावा असला की ते पेंटमधल्या तेलाशी लागून चक्क साबण तयार करतात. मग तो पेंट कधीच वाळत नाही, मऊ होतो, चिकट होतो, पाणी सुटल्यासारखा दिसतो. इथे पंखा, हेअर ड्रायर, ऊन काहीच चालत नाही, खरवडूनच काढावा लागतो. नवं प्लास्टर निदान महिना-दीड महिना वाळू द्या, पावसाळ्यात जास्त, आणि क्षार सहन करणारा प्रायमर वापरा.

पॉलिश पेपर: जुना पेंट उडाला असेल तर आधी १२० नंबर, मग १८० किंवा २२०. एक सावधगिरी. भारतात घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, म्हणजे त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, खासकरून पिवळ्या, केशरी, लाल रंगात, शिसं असू शकतं. जुन्या वाड्याच्या दारांना कोरडी घासाई करून धूळ उडवू नका, पाण्याचा पेपर वापरून ओली घासाई करा, मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. ओली घासाई केली की परत वाळवायला वेळ द्या, हे ओघानेच आलं.

पायरी दुसरी: प्रायमर आणि लांबी (पुट्टी)

उघड्या लाकडाला वूड प्रायमर, लोखंडाला रेड ऑक्साईड किंवा झिंकवाला प्रायमर. हा वगळून पैसे वाचत नाहीत, लाकूड पेंटमधलं तेल असमान शोषतं आणि मग एक पट्टा सुकलेला, एक पट्टा ओला असं होतं. भेगांमध्ये भरलेली लांबी मात्र नीट कडक झाली पाहिजे. तेलातली लांबी जाड भरली असेल तर तिलाच दोन दिवस लागतात आणि तिच्यावर पेंट मारला की तेवढेच ठिपके मऊ राहतात. खोल खड्डा एकदम न भरता दोन-तीन वेळा थोडा थोडा भरा.

पायरी तिसरी: डबा

डबा उघडल्यावर तळापर्यंत नीट ढवळा, लाकडी पट्टीने, पाच मिनिटं तरी, कारण सगळं जड सामान खाली बसलेलं असतं. वर साय धरली असेल तर ती मोडून आत ढवळू नका, अलगद काढा आणि पेंट जुन्या ओढणीतून किंवा नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. माळ्यावर चार-पाच वर्षं पडलेला डबा "आहेच तर वापरू" म्हणून काढत असाल तर आधी एका फळीच्या तुकड्यावर मारून एक रात्र बघा, जुन्या डब्यात वाळवणाऱ्या द्रव्यांचा जोर कमी झालेला असतो. काळा आणि गडद रंग तसेही पांढऱ्यापेक्षा उशिरा वाळतात, कारण काळ्या रंगद्रव्यावर ती द्रव्यं चिकटून बसतात. ग्रील काळं करायचं असेल तर एक दिवस जास्त धरा.

पातळ करायला मिनरल टर्पेंटाईन, डब्यावर लिहिलंय तेवढंच, सहसा लिटरला ५० ते १०० मिली. रॉकेल घालू नका, ते हळू उडतं आणि तेलकटपणा मागे ठेवतं, म्हणजे आपण जे टाळायला बघतोय तेच. काही पेंटर घाई असली की पेट्रोल घालतात, ते तर आगीशी खेळणं आहे, घरात बिलकुल करू देऊ नका. एनसी थिनर (लॅकर पातळ करायचा) झटकन उडतो म्हणून मोह होतो, पण तो या पेंटसाठी नाहीच, खालचा जुना थर उचलून सुरकुत्या पाडतो.

पायरी चौथी: हात पातळ मारा

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा लवकर वाळतात. दोन्हींमधला वेळ धरूनसुद्धा. ब्रश एक तृतीयांशच बुडवा, डब्याच्या कडेला टेकवून जास्तीचा काढा, आधी आडवा पसरवा मग उभ्या हलक्या हाताने ओढून घ्या. खालचा रंग थोडा दिसत राहिला तर राहू दे, तो दुसऱ्या हाताला झाकला जातो, पहिल्याच हातात झाकायला जाल तर जाड होणारच. पॅनेलच्या कोपऱ्यांत, बिजागरीपाशी, ग्रीलच्या वेलबुट्टीत रंग साचतो, पंधरा-वीस मिनिटांनी परत एक फेरी मारून कोरड्या ब्रशने तो साचलेला उचलून घ्या. सगळं दार सुकतं आणि नेमका तो कोपरा आठ दिवस ओला राहतो, तो याच साचलेल्या थेंबामुळे.

छोटा फोम रोलर वापरलात तर सपाट दारांवर थर ब्रशपेक्षा पातळ आणि एकसारखा बसतो, शेवटी ब्रशने हलकं ओढून घ्यायचं म्हणजे दाणेदारपणा जातो.

वेळ सकाळी दहाच्या आसपासची धरा, म्हणजे रात्रीची ओल गेलेली असते आणि संध्याकाळच्या आत वरचा थर धरतो. बाहेरचं गेट दुपारी तीननंतर घेऊ नका, खास करून थंडीत, रात्री दव पडलं की ओल्या पेंटची चकाकी जाऊन पांढरट झाक येते, आणि ती पुसून जात नाही. लोखंड हाताला गार आणि दमट लागत असेल तर त्यावर पाण्याचा न दिसणारा थर असू शकतो, कोरड्या फडक्याने पुसून, थोडं तापू देऊन मगच मारा.

पायरी पाचवी: हवा

आता मुख्य. पहिले दोन-तीन तास, वास तीव्र असेपर्यंत, खिडक्या उघड्याच ठेवा, बाहेर पाऊस असला तरी, फक्त झड आत यायला नको. त्या वेळात टर्पेंटाईनची वाफ बाहेर जायला हवी. सिलिंग फॅन मध्यम, चालेल. टेबल फॅन दारावर रोखून लावायचा नाही, वाऱ्याचा झोत एकाच जागी बसला की वरची कातडी आधी धरते आणि धूळही चिकटते, त्यापेक्षा पंखा खिडकीकडे तोंड करून ठेवा म्हणजे तो खोलीतली हवा बाहेर फेकेल आणि दुसऱ्या बाजूने नवी आत येईल. खोली आधी ओल्या फडक्याने पुसून घ्या, झाडू नका.

वास उतरला आणि बाहेर अजून धो धो असेल तर मग खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर लावा. एसी नसेल आणि शेजाऱ्यांकडे डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढणारं यंत्र, असेल तर मागून आणा, एका रात्रीचं काम आहे. आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळासारखं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, ८५ टक्क्यांच्या वर दाखवत असेल तर तो दिवस सोडाच, ६०-७० च्या खाली आणता आलं तर पेंट डब्यावरच्या वेळेच्या जवळपास वाळतो.

हेअर ड्रायर? एखाद्या छोट्या जागेवर, वास पूर्ण गेल्यावर, कमी उष्णतेवर, हातभर लांबून, हलवत ठेवून, ठीक आहे. हीट गन अजिबात नको, फोड येतात. कपाटाच्या आतल्या बाजूंचं मात्र लक्षात ठेवा, दारं उघडी ठेवा, कारण अंधारात ऑइल पेंट हळू वाळतो आणि पांढरा असेल तर पुढे पिवळाही पडतो.

ती छोटी बाटली

ड्रायर म्हणून जे मिळतं त्यात कोबाल्ट, मँगनीज, झिर्कोनियम अशा धातूंचे क्षार असतात, ते ऑक्सिजन घेण्याची प्रक्रिया वेगाने करवतात. मुद्दा असा की तयार इनॅमलमध्ये कंपनीने ते मोजून आधीच घातलेले असतात. नव्या डब्यात वरून घालायची गरज सहसा पडत नाही. जुना डबा असेल, गडद रंग असेल किंवा दमट हवेत इलाजच नसेल तर घाला, पण बाटलीवरच्या मापाने, ते बहुतेक लिटरला चहाचे एक-दोन चमचे एवढंच असतं, आणि फक्त त्या दिवशी लागणाऱ्या पेंटमध्ये. "अजून थोडं" केलंत तर वरचा थर इतक्या घाईने धरतो की खाली ओलं राहून सुरकुत्या पडतात, नाहीतर पेंट ठिसूळ होऊन वर्षभरात तडकतो. हाताला लागू देऊ नका.

दुसरा हात कधी

घड्याळ बघून नाही. दाराच्या वरच्या कडेला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही, अंगठा दाबून थोडा फिरवा, ठसा नाही आणि ओढही नाही तर पुढची परीक्षा: २२० किंवा ३२० चा पेपर हलका फिरवा. कोरडी भुकटी निघाली तर तयार, पेपरवर रंगाचे गोळे चिकटले तर अजून एक दिवस. अर्धवट सुकलेल्यावर दुसरा हात मारला की खालचा श्वास कोंडतो आणि मग खरोखरच आठवडे जातात.

तरीही चिकटत असेल तर

तीन-चार दिवस झाले आणि चिकचिक आहेच, तर आधी नुसती हवा आणि कोरडेपणा वाढवून अजून दोन दिवस द्या, बऱ्याचदा एवढ्यानेच सुटतं. नुसती वरवर चिकट असेल तर टर्पेंटाईनने किंचित ओलं केलेलं फडकं एकदाच हलक्या हाताने फिरवून बघा, वरचा तेलकट थर निघतो, चकाकी थोडी जाईल. दार चौकटीला चिकटत असेल तर कडेला टाल्कम पावडर चोळा आणि आठवडाभर रात्री दार पाचर लावून किलकिलं ठेवा. नखाने सबंध पापुद्रा सुटत असेल तर मात्र खाली तेल किंवा ओल होती, वरून तिसरा हात मारून काही होणार नाही, खरवडा आणि धुण्यापासून सुरुवात करा. पेंटरशी भांडण करण्याआधी हे तपासून घ्या, कारण त्याने धुतलंच नव्हतं की तुम्हीच "राहू दे, धुवायला नको" म्हणाला होतात, हे दोघांनाही माहीत असतं.

आणि आगीचं: काम चालू असताना आणि वास असेपर्यंत त्या खोलीत गॅस, समई, उदबत्ती, सिगरेट काही नको. तेला-टर्पेंटाईनने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तेल ऑक्सिजन घेताना तापतं आणि अशी फडकी आपोआप पेटल्याच्या घटना होतात. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून मग टाका. उरलेल्या पेंटचं झाकण हातोडीने घट्ट बसवा, वर टेप लावून तारीख आणि "बाहेरचं गेट" वगैरे लिहून ठेवा, पुढच्या वर्षी कुठला रंग कुठला होता यावरून घरात चर्चा होणारच आहे.

पडदे आणि तोरणं दोन दिवसांनी लावली तरी चालतात, पण दाराला चिकटपट्टी लावून मखराचं सजावटीचं काही अडकवायचं असेल तर दहा-बारा दिवस थांबा, नाहीतर काढताना पट्टीबरोबर पेंटही येईल.